शाळेत रक्तगट तपासताना : बोट मुलाचे, संमती कुणाची?



मागच्या हिवाळ्यात उचगावातल्या आमच्या वस्तीतल्या एक ताई रात्री आमच्याकडे आल्या. डोळे रडून सुजलेले. लेकीच्या शाळेत रक्तगट तपासण्याचा प्रयोग झाला होता. बाईंनी प्रत्येकाचे नाव आणि गट फळ्यावर लिहिला. लेकीचा गट आला 'ओ'. वडिलांच्या लायसन्सवर मात्र 'एबी'. पुस्तकात नियम असा की 'एबी' गटाच्या आई-बापाला 'ओ' गटाचे मूल होत नाही. लेकीने घरी येऊन सहज विचारले आणि घरात आग लागली.

आम्ही दुसऱ्या दिवशी त्या दादांना रक्तपेढीत नेले. त्यांचा गट निघाला 'बी'. लायसन्सचा फॉर्म एजंटने भरला होता, गट अंदाजे टाकला होता. भांडण मिटले. पण ताई म्हणाल्या, "दोन दिवस मी जे ऐकलं, ते कोण परत घेणार?"

म्हणून यावेळी या पानावर हाच विषय घेत आहोत. विज्ञान मुलांनी हाताने करूनच शिकावे, याबद्दल आमचे दुमत नाही. पण मुलाचे शरीर म्हणजे प्रयोगाचे सामान नव्हे.

शाळेतली चाचणी का चुकते?

काचपट्टीवर रक्ताचे थेंब घेऊन त्यात 'अँटी-ए' आणि 'अँटी-बी' हे द्राव मिसळतात. ज्या थेंबात गुठळ्या दिसतात, त्यावरून गट ठरतो. हे द्राव फ्रिजमध्ये २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागतात. मुदत संपली असेल, एकाच काडीने दोन्ही थेंब ढवळले किंवा थेंब वाळू दिला, तर उत्तर चुकू शकते.

चाचणी बरोबर असली तरी पुस्तकातल्या नियमाला अपवाद आहे आणि तो आपल्या महाराष्ट्रातच सापडला. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक वेगळा रक्तगट शोधला. त्याला जगभर 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणतात. रक्तपेशीवर 'ए' आणि 'बी' हे घटक 'एच' नावाच्या पायावर उभे राहतात. या माणसांत तो पायाच नसतो. त्यामुळे आई-बापाकडून 'ए' किंवा 'बी' मिळाला असला तरी साध्या चाचणीत गट 'ओ' दिसतो. भारतात साधारण दहा हजारांत एक माणूस असा असतो. त्याला 'ओ' गटाचे रक्तही चालत नाही. म्हणून शाळेतल्या काचपट्टीवरून कुणाच्या आईवर बोट उचलू नये आणि तो गट दवाखान्यातही पक्का म्हणून सांगू नये. रक्तपेढीत तपासून घ्यावा.

सुईचा धोका

एका मुलाला टोचलेली सुई स्पिरिटने पुसून दुसऱ्याला टोचणे हा गुन्ह्याइतकाच मोठा निष्काळजीपणा आहे. त्यातून हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही पसरू शकतात. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातसुद्धा, किमान सात दिवस जिवंत राहतो. म्हणून :

• प्रत्येक मुलाला नवी, सीलबंद सुई (लॅन्सेट). वापरली की टोपण न लावता लगेच जाड, न फुटणाऱ्या डब्यात.
• टोचणाऱ्याच्या हातात हातमोजे, प्रत्येक मुलासाठी नवे.
• मूल बसलेले असावे. रक्त पाहून चक्कर येते.
• काचपट्ट्या आणि सांडलेले रक्त मुलांनी साफ करायचे नाही.

वापरलेली सुई चुकून टोचली, तर बोट चोखू नका, पिळू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी सीपीआरला जा. एचआयव्ही टाळण्याची औषधे लवकरात लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. लसीकरणाचे कार्ड सोबत न्या.

न्याय कुठे येतो?

"कोण पुढे येतंय?" असे विचारल्यावर कुणाचे बोट पुढे केले जाते, ते पाहा. आणि शेवटी भांडी घासायला, फरशी पुसायला कुणाला सांगतात, तेही पाहा. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना नळाला हात लावता येत नव्हता. शिपाई असेल तरच पाणी मिळायचे. आज नळ सगळ्यांना खुला आहे, पण सूक्ष्मदर्शक कुणाच्या हातात आणि फडके कुणाच्या हातात, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. कामाच्या पाळ्या लावाव्यात, म्हणजे प्रत्येक मूल पाहील आणि प्रत्येक मूल आवरेल.

पालकांनी शाळेत काय विचारावे?

१. प्रयोगाआधी आमची लेखी संमती घेणार का? आणि मुलालाही विचारणार का?
२. मूल नको म्हणाले, तर गुण कापणार नाही ना?
३. निकाल फक्त त्या मुलाला सांगणार ना? फळ्यावर नाही ना?
४. टोचणारी व्यक्ती प्रशिक्षित आहे का?

रक्त न काढताही हा धडा शिकवता येतो. पाणी घातलेल्या दुधात व्हिनेगरचे थेंब टाका, गुठळ्या दिसतात. दुसऱ्या वाटीत नुसते पाणी टाका, काही होत नाही. रक्तगटाची खरी क्रिया वेगळी आहे, पण गुठळी झाली की नाही हे पाहून नोंद करायला मूल यातून शिकते.

जिल्हा परिषदेच्या शाळेत व्यवस्थापन समितीचे किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेच दिले आहे. त्या बैठकीला जा. भांडायला नको, विचारायला जा. चांगल्या शिक्षकांना असे प्रश्न आवडतात.

आणि घरी लेकराला एवढे नक्की सांगा : "बाळा, प्रयोग कर, प्रश्न विचार. पण तुझ्या अंगाला सुई लावायच्या आधी तुला विचारलं पाहिजे, आणि नको म्हणायचा हक्क तुला आहे."