कर्ज की लाच?

आमच्या घरात ‘रिश्वत’ म्हणत, शाळेत मी ‘लाच’ शिकलो. जबानी, दस्तऐवज, फिर्याद हे शब्द मात्र दोन्हीकडे सारखेच निघाले!

आज बोलायचे आहे ते १८८८ च्या क्रॉफर्ड प्रकरणाबद्दल. आपला यवतमाळ जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई आणि वऱ्हाडावर हैदराबादच्या रेसिडेंटची देखरेख असे. हे प्रकरण घडले शेजारच्या मुंबई इलाख्यात, पुण्याला.

ज्यांच्या नावाची मुंबईत मंडई आहे, ते आर्थर क्रॉफर्ड तेव्हा मध्य विभागाचे कमिशनर होते. नेमणुका, बढत्या, बदल्या यांसाठी त्यांच्या वतीने हणमंतराव नावाचे गृहस्थ मामलेदारांकडून पैसे घेतात, असा बोभाटा झाला. पोलीसप्रमुख ओमॅनी चौकशीला बसले.

पेच होता पुराव्याचा. लाच देणारा हाही गुन्ह्यातला साथीदार. साथीदाराच्या एकट्या साक्षीवर झालेली शिक्षा १८७२ चा पुरावा कायदा बेकायदा ठरवत नव्हता; पण असा साक्षीदार विश्वासास पात्र नाही, असे मानण्याची मुभाही तोच कायदा न्यायाधीशाला देत होता. मग अशा खटल्यांत कागदाचा आधार शोधावा लागतो. आता समजा, एखाद्या वहीत नोंद आहे, ‘अमक्यास पाचशे रुपये दिले.’ कशासाठी दिले? वही गप्प. शिवाय ३४ व्या कलमाप्रमाणे नुसत्या हिशेबाच्या नोंदीवरून कोणावर जबाबदारी लादता येत नसे. (२०२४ मध्ये कायदा बदलला, हा नियम राहिला.) आणि अहो, लाच देणारा वहीत ‘लाच’ असे लिहील का? तो ‘हातउसने’ लिहील.

कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती विल्सन यांच्या आयोगाने लाचेचे आरोप सिद्ध मानले नाहीत. आपल्याच विभागातल्या लोकांकडून कर्जे काढल्याचा ठपका तेवढा ठेवला. साहेबांची नोकरी गेली, तुरुंग टळला. हणमंतरावांना मात्र शिक्षा झाली.

आणि मामलेदार? त्यांना अभय देऊन जबान्या घेतल्या होत्या. ती कबुलीच त्यांच्यावर उलटली. काहींना काढून टाकण्याचा निर्णय झाला. सरकारने दिलेला शब्द पाळावा म्हणून टिळकांनी १८८९ मध्ये पुण्याच्या सभेत त्यांची बाजू मांडली. खटल्यांपासून संरक्षण देणारा कायदा त्याच वर्षी झाला, पण गेलेल्यांच्या नोकऱ्या गेल्याच. हे मामलेदार काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. तरी ज्यांनी खरे सांगितले, तेच अडकले, हे मला खटकते.

क्रॉफर्डनी १८९४ मध्ये एक पुस्तक काढले. नावाचा अर्थ होतो, ‘एका हिंदुस्थानी पोलीस अधिकाऱ्याच्या आठवणी’.