झाडावरची नोटीस वाचलीत का?

माझ्या स्कूटीची जागा ठरलेली. सोसायटीच्या गेटबाहेर, गुलमोहराच्या सावलीत. एक दिवस त्याच्या खोडावर कागद चिकटवलेला दिसला. पेस्ट कंट्रोलची जाहिरात असेल, असं म्हणत मी हेल्मेट चढवलं आणि ८.४२ ची लोकल गाठायला सुटले. पुढचे कितीतरी दिवस तो कागद तिथेच होता. मग एका शनिवारी पाहते तर काय, जागेवर नुसता बुंधा आणि रणरणतं ऊन! तो कागद म्हणजे झाड तोडण्याची नोटीस होती. हरकत घ्यायची, तर तेव्हाच घ्यायला हवी होती.

मंडळी, शहरातलं झाड मनाला येईल तसं तोडता येत नाही. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ पासून खास कायदा आहे. झाड तुमच्या स्वतःच्या आवारात असलं तरी परवानगी लागतेच. आणि ‘तोडणं’ म्हणजे फक्त कुऱ्हाड चालवणं नव्हे. झाड जाळणं, त्याला कुठल्याही प्रकारे इजा करणं, हेसुद्धा त्यातच येतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तर पन्नाशी गाठलेलं झाड ‘हेरिटेज’ ठरतं. म्हणजे गेटवरचा तो जुना पिंपळ बाबांच्या वयाचा असेल, तर त्याचा मान मोठा!

मग झाडं पडतात कशी? कारण परवानगीचं दार उघडं आहे. धोकादायक झाड, रस्तारुंदी, नवं बांधकाम अशी कारणं दाखवून अर्ज करता येतो. त्या दारावर आपल्या हातात असलेली कडी एकच. झाडावर लावलेली ती नोटीस.

हरकत घेतली की झाड वाचतंच, असं मात्र नाही. गोरेगावच्या आरे कॉलनीतल्या मेट्रो कारशेडचं प्रकरण आठवा. हजारो लोकांनी हरकती नोंदवल्या, तरी २९ ऑगस्ट २०१९ ला पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने मंजुरी दिली. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने विरोधातल्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडं गेली होती. ऑक्टोबर २०२४ पासून त्याच मेट्रोच्या एसीत बसून आपण ऑफिसला जातो, हेही खरंच. पण तिथे निदान प्रत्येक पायरीवर जाब विचारला गेला. आमच्या गुलमोहरासाठी एक साधा अर्जही गेला नाही.

तेव्हा फंडा सोपा आहे. खोडावर कागद दिसला की थांबा. किती झाडं, कारण काय, हरकतीची मुदत कधीपर्यंत, एवढं वाचा. मोबाइलवर फोटो काढा आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाका. फांद्या छाटून भागेल का, झाड दुसरीकडे हलवता येईल का, हे विचारणारं पत्र वॉर्डच्या उद्यान विभागाला द्या. आणि त्याची पोच घ्यायला विसरू नका!

माझी स्कूटी आता शेजारच्या बदामाखाली असते. परवा त्याच्याही खोडावर कागद दिसला. ८.४२ चुकली तर चुकली, म्हणत वाचला. या वेळी खरंच पेस्ट कंट्रोलची जाहिरात होती.