बॅटरीच्या आगीत भाजलेल्याने दाद कोठे मागावी?

भिवंडी तालुक्यात दूध, भाजीपाला व गोदामांतील माल पोहोचविण्याकरिता विजेवर चालणाऱ्या दुचाक्या आता खेड्यापाड्यांतूनही दिसू लागल्या आहेत. त्यांस खर्च कमी लागतो, हे खरे. परंतु त्यांतील लिथियमची बॅटरी आतून तापू लागली म्हणजे ती उष्णता एका सेलमधून दुसऱ्यात जाते व आग आवरता आवरत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये शेजारच्या वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या अशाच बॅटरीचा पहाटे स्फोट होऊन सात वर्षांचा एक मुलगा भाजला व काही दिवसांनी मरण पावला. अशा प्रसंगी प्रारब्ध म्हणून स्वस्थ बसणारेच फार. कायदा मात्र स्वस्थ बसा म्हणत नाही.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील कलम ८४ प्रमाणे, मालाच्या घडणीत वा आराखड्यात दोष असल्यास, किंवा वापरासंबंधी पुरेशी सूचना दिली नसल्यास, त्यापासून झालेल्या इजेची भरपाई कारखानदाराकडून मागता येते. मूळ कारखानदार कोण हेच कळत नसेल, तर कलम ८६ अन्वये विक्रेत्यास धरता येते. दोष दाखविण्याचा भार मात्र तक्रारदारावर असतो, आणि येथेच पुष्कळांचे नुकसान होते. आग विझताच दुकानदार गोड बोलून ‘तपासणीस नेतो’ म्हणत जळका सांगाडा उचलू पाहील. तो त्यास मुळीच देऊ नये. पोलिसांत वर्दी द्यावी. पंचनाम्यात बॅटरीचा व चार्जरचा क्रमांक लिहवून घ्यावा आणि त्या वस्तू जप्त करावयास सांगावे. आयोग प्रयोगशाळेकडून तपासणी करवू शकतो, पण वस्तूच हाती नसेल तर तपासावे काय? तलाठ्याचा पंचनामा घराच्या नुकसानीपुरता असतो, त्यावर विसंबू नये. महसुली कागद जन्मभर हाताळले म्हणून हे सांगतो. खरेदीची पावती, अग्निशमन दलाचा दाखला व रुग्णालयाचे कागद जपून ठेवावेत.

बॅटरीत बाहेरून फेरफार केला असेल किंवा गैरवापर झाला असेल, तर विक्रेत्यावर दावा चालत नाही (कलम ८७); कारखानदारही तीच सबब पुढे करील. स्वस्तात मिळालेला परका चार्जर येथे महाग पडतो.

तक्रार ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे करावी. कारखाना परप्रांतात असला तरी तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात ती चालते. वस्तूची किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास फी नाही; वकील दिलाच पाहिजे असेही नाही. पोटापाण्यासाठी स्वतः चालविण्याकरिता गाडी घेतलेला दूधवालाही ग्राहकच होय. ग्राहक मरण पावल्यास वारसांस, व तो अज्ञान असल्यास आईबापांस तक्रार करता येते.

ताशी २५ किलोमीटरहून कमी वेगाच्या व २५० वॅटहून कमी शक्तीच्या गाडीस नोंदणी लागत नाही, म्हणून तिचा विमाही बहुधा नसतो. तेथे हाच मार्ग उरतो.

निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्याचा खटला भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निराळा चालतो. त्याच्या निकालाची वाट पाहत बसू नये; ग्राहक आयोगाची मुदत कारण घडल्यापासून दोनच वर्षांची आहे.