व्यापाराचे करार आणि न्हावा-शेव्याची भाकरी

पनवेलहून उरणच्या वाटेला लागले की गव्हाण फाट्यापासून कंटेनर वाहणाऱ्या गाड्यांची रांग सुरू होते. जासई, दास्तान फाटा, करळ फाटा अशी ती थेट बंदराच्या दारापर्यंत जाते. ज्या जमिनीवर आज ही रांग उभी असते तेथे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी खारे पाणी बांध घालून अडवलेली भातशेती होती, मिठागरे होती, आणि खाडीत कोळ्यांची जाळी पडत होती. आता त्या मुलखातून वर्षाला सत्तर लाखांहून अधिक पेट्या ये-जा करतात. पेटी म्हणजे येथे वीस फुटी कंटेनरच्या मापाने मोजलेली एक पेटी. देशाच्या समुद्रमार्गे होणाऱ्या कंटेनर-व्यापारात या बंदराचे स्थान फार वरचे आहे. असे असूनही बंदराच्या भोवतालच्या गावांत गेले तर कानावर पहिले वाक्य पडते ते हे : ‘जमीन आमची गेली, नोकरी मात्र दुसऱ्याला मिळाली.’

या वाक्यात जो राग आहे तो खरा आहे, यात आम्हांला शंका नाही. पण तो कोणावर आहे, आणि कोणावर असावयास हवा, याचा विचार शांतपणे व्हावयास पाहिजे. कोणी म्हणतो परप्रांतीय मजुराने काम नेले. कोणी म्हणतो परदेशी कंपन्यांनी नेले. कोणी म्हणतो सरकारने दूर कोठेतरी बसून व्यापाराचे करार केले आणि त्याचा भुर्दंड उरणने भरला. या तिन्ही म्हणण्यांत काही अंश सत्याचा आहे. तो अंश किती, एवढेच आपण आज पाहू.

प्रथम इतिहासाचा थोडा आढावा घेऊ. सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनीवर शिक्का बसला. त्यापाठोपाठ मुंबई बंदरावरील गर्दी हलकी करण्यासाठी न्हावा-शेवा येथे नवे बंदर काढण्याचे ठरले. जमीन घेण्यासाठी जो कायदा वापरला गेला तो १८९४ सालचा, म्हणजे इंग्रजी अमदानीतला. त्यात जमिनीचा भाव होता. पण जमिनीबरोबर जे जाते त्याचा, म्हणजे धंद्याचा, पिढीजात कसबाचा आणि उद्याच्या भाकरीचा, भाव नव्हता. जासईचे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आगरी, कोळी, कराडी शेतकरी उभे राहिले. १६ व १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाचजण हुतात्मे झाले. या आंदोलनातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्यांस परत देण्याचे तत्त्व सरकारला मान्य करावे लागले. सिडकोच्या क्षेत्रात ते १९९० नंतर अमलात येऊ लागले. बंदराच्या प्रकल्पग्रस्तांना मात्र इरादापत्रे हाती पडण्यास २०१४ साल उजाडावे लागले.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९८४ चा राग कोणा मजुरावर नव्हता. तो भावावर होता आणि न्यायावर होता. समोरचा पक्ष स्पष्ट होता व मागणीही स्पष्ट होती. म्हणूनच त्या रागाला फळ आले. १९३० साली चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात गोळ्या झेलणाऱ्या उरण तालुक्याला असा राग नवा नव्हता.

बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले, आणि दुसऱ्या रागाची सुरुवात तेथून झाली. लोकांच्या मनात बंदर म्हणजे मुंबईची गोदी होती : पाठीवर पोती वाहणारे हजारो हमाल, लिहिणारे कारकून, मोजणारे मोजणीदार, दिवसपाळी आणि रातपाळी. न्हावा-शेवा तसे नव्हतेच. ते प्रथमपासून यंत्रांसाठी आखलेले बंदर होते. कंटेनर ही वस्तूच मुळी माणसांचे हात कमी करण्यासाठी जन्माला आली. १९५६ साली अमेरिकेत माल्कम मॅक्लीन या वाहतूक व्यावसायिकाने ५८ पेट्या एका जहाजावर चढवून पाठविल्या, आणि जगातील गोदी-कामगारांचे भवितव्य त्या दिवशी पालटले. पूर्वी एक जहाज रिकामे करण्यास आठवडा लागे. आज क्रेनचालक उंचावर बसून तासाला पंचवीस-तीस पेट्या उचलतो. म्हणजे स्थानिक माणसाच्या हातचे काम ज्याने सर्वांत अधिक नेले तो बिहारचा मजूरही नव्हे आणि दुबईची कंपनीही नव्हे; ती लोखंडाची पेटी होय. पेटीविरुद्ध मोर्चा काढता येत नाही, म्हणून आपण माणसाविरुद्ध काढतो.

आता परदेशी कंपन्यांकडे वळू. १९९१ च्या आर्थिक धोरणानंतर बंदरातील धक्के खासगी कंपन्यांस दीर्घ मुदतीच्या कराराने देण्याची वाट मोकळी झाली. १९९७ साली पी अँड ओ या कंपनीच्या गटाशी करार झाला आणि १९९९ मध्ये देशातील मोठ्या बंदरांमधला पहिला खासगी कंटेनर धक्का न्हावा-शेव्यास सुरू झाला. तो पुढे दुबईच्या डीपी वर्ल्डकडे गेला. २००६ साली डेन्मार्कच्या मर्स्क समूहाचा धक्का आला. २०१८ साली सिंगापूरच्या पीएसएचा आला. २०२२ मध्ये तर बंदराचा स्वतःचा कंटेनर धक्काही एका भारतीय व फ्रेंच कंपनीच्या जोडीकडे सोपविण्यात आला, आणि त्याआधी कामगारांनी त्यास विरोध केला होता. या कंपन्यांनी परदेशातून मजूर आणले का? नाही. त्यांनी आणले ते भांडवल, यंत्रे आणि एक पद्धत. त्या पद्धतीत कायम नोकर थोडे असतात व बाकीचे काम ठेकेदाराकडे जाते. ठेकेदाराला जो माणूस स्वस्त पडतो, घरापासून दूर असल्यामुळे तक्रार करीत नाही आणि सणावाराला रजा मागत नाही, तो हवा असतो. उत्तरेकडून आलेला तरुण येथे कमी पगारात राबतो तो हौसेने नव्हे; त्याच्याही गावी कोणाची तरी जमीन गेलेली असते किंवा शेताचे तुकडे झालेले असतात.

तिसरा मुद्दा व्यापाराच्या करारांचा. हा सर्वांत कमी समजलेला आहे, म्हणून तो थोडा उलगडून सांगतो. जागतिक व्यापार संघटनेत २०१३ साली बाली येथे ‘व्यापार सुलभीकरण करार’ ठरला. सरकारी धान्यसाठ्याच्या प्रश्नावर भारताने २०१४ मध्ये काही महिने तो अडवून धरला, त्याच वर्षाच्या अखेरीस संमती दिली, एप्रिल २०१६ मध्ये त्याला रीतसर मान्यता दिली आणि २२ फेब्रुवारी २०१७ पासून तो जगभर लागू झाला. या करारात जकात कमी करण्याची गोष्ट नाही. माल सीमेवर अडून राहू नये, कागदपत्रे आधीच तपासावीत, विश्वासू व्यापाऱ्याचा माल न उघडता सोडावा, अशी त्याची कलमे आहेत. वाचताना त्यात वावगे काही दिसत नाही.

पण न्हावा-शेव्यात त्याचा अर्थ काय झाला तो पाहा. पूर्वी आयात पेटी जहाजावरून उतरली की ती उरण-पनवेल परिसरातील कंटेनर फ्रेट स्टेशनमध्ये, लोकांच्या भाषेत ‘सीएफएस’मध्ये, जात असे. तेथे कस्टमची तपासणी होई, पेटी उघडून माल उतरे, पुन्हा गाडीवर चढे. या गोदामांच्या जिवावर हमाल, चेकर, सर्वेअर, फाटकावरचा रखवालदार, फोर्कलिफ्टचा चालक, चहावाला व टायरवाला अशी हजारो घरे चालत. जमीन गेलेल्या मुलांना बंदरात नसली तरी येथे नोकरी मिळे. २०१६ पासून सरकारने ‘थेट बंदर वितरण’, म्हणजेच डीपीडी, ही पद्धत नेटाने वाढविली : पेटी ४८ तासांच्या आत बंदरातूनच थेट कारखान्याकडे रवाना. कराराच्या कागदावर डीपीडी हा शब्द नाही. मात्र त्या काळी जागतिक बँकेच्या व्यवसायसुलभतेच्या यादीत देशाचा क्रमांक वर चढविण्याचाही ध्यास होता. सीमापार व्यापाराच्या विभागात भारत २०१८ मध्ये १४६ वरून ८० व्या क्रमांकावर आला. ती यादी पुढे आकडेवारीतील गैरप्रकारांमुळे २०२१ साली बँकेनेच बंद केली. क्रमांक गेला, पण गोदामातली गेलेली पाळी परत आली नाही. चाकणच्या कारखानदाराचा पैसा व वेळ वाचला, हे खरे; आणि धुतुम-पागोट्याकडच्या तरुणाचे काम कमी झाले, हेही तितकेच खरे. एकाच निर्णयाची ही दोन टोके आहेत. ज्याचा लाभ झाला तो विखुरलेला आहे व गप्प आहे. ज्याची हानी झाली तो एका जागी आहे व ओरडतो आहे. व्यापाराच्या बहुतेक सर्व करारांची रचना जगभर अशीच असते, आणि राग का उसळतो याचे अर्धे उत्तर येथेच आहे.

याच वेळी आरशात स्वतःकडेही पाहिले पाहिजे. आपण दुसऱ्याला ‘बाहेरचा’ म्हणतो, पण जगाच्या पाठीवर आपणही कोठेतरी बाहेरचेच असतो. न्हाव्यालाच १९१० सालापासूनची परंपरा सांगणारी टी. एस. रहमान ही खलाशांची शिक्षणसंस्था आहे. रायगड-रत्नागिरीची मुले परदेशी झेंड्यांच्या जहाजांवर नोकऱ्या करतात, आखाती देशांत राबतात. २४ जुलै २०२५ रोजी भारत व ब्रिटन यांच्यात व्यापार करारावर सह्या झाल्या. भारतातून तात्पुरते पाठविलेल्या कर्मचाऱ्यास तीन वर्षांपर्यंत तेथील सामाजिक विम्याची वर्गणी माफ असावी, असे त्याबरोबर ठरले. त्यावर तेथील विरोधी पक्षांनी आवाज उठविला की भारतीय माणूस स्वस्त पडेल आणि ब्रिटिश माणसाची नोकरी जाईल. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी बसविली, ती याच भावनेने. आपल्या गावच्या नाक्यावर आपण जे म्हणतो तेच शब्द तेथे आपल्या मुलांविषयी उच्चारले जातात. ते ऐकून आपल्याला वाईट वाटते. मग तोच न्याय इकडेही लावावयास नको काय?

याचा अर्थ प्रकल्पग्रस्ताने गप्प बसावे असा नव्हे. उलट त्याची मागणी अधिक पक्क्या पायावर उभी राहावी असे आम्हांस वाटते. ‘मी येथे जन्मलो म्हणून नोकरी माझी’ हा एक दावा आहे. ‘माझ्या जमिनीवर हे उभे आहे म्हणून यात माझा वाटा आहे’ हा दुसरा. पहिला दावा राज्यघटनेपुढे डळमळतो; भारताच्या नागरिकास कोठेही राहण्याचा व व्यवसाय करण्याचा हक्क १९ व्या कलमाने दिला आहे. हरयाणाने खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिकांचा कायदा केला, तो उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केला. दुसरा दावा मात्र धनकोचा दावा आहे. तो दुसऱ्या मजुराविरुद्ध नाही. तो प्रकल्पाविरुद्ध आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने प्रकल्पात नोकऱ्या निर्माण होत असतील तर बाधित कुटुंबातील एकास नोकरी, नाही तर ठरावीक रक्कम किंवा वर्षासन, असा पर्याय लिहून ठेवला आहे. शेव्याच्या शेतकऱ्याला हा कायदा तीस वर्षे उशिरा आला, एवढेच त्याचे दुर्दैव.

कोळ्यांचे उदाहरण बोलके आहे. चौथ्या धक्क्याच्या भरावाने व खारफुटीच्या नाशाने मासेमारी बुडाली म्हणून पारंपरिक मच्छीमार हरित लवादाकडे गेले. लवादाने २७ फेब्रुवारी २०१५ रोजी १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये देण्याचा आदेश बंदर, सिडको व ओएनजीसी यांना दिला. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तरी खाडीतल्या मासळीचाही भाव करता येतो, हे तत्त्व त्या दिवशी नोंदले गेले. त्यांनी कोणाही परप्रांतीयास दोष दिला नव्हता. आपले काय गेले याचा हिशेब मांडला होता.

तेव्हा मागावयाचे काय? धक्क्याचा करार नवा होताना वा त्याची मुदत वाढताना बाधित कुटुंबांतील तरुणांच्या शिक्षणाची व नोकरीची अट त्या करारातच असावी. ठेक्यावरच्या माणसास, तो उरणचा असो की आझमगडचा, एकाच कामाला एकच दाम असावा. तसे झाले की स्वस्त मजूर आणण्यात ठेकेदाराला नफा उरत नाही आणि निम्मे भांडण आपोआप मिटते. मालाला वाट मोकळी करून देणारा करार सरकार करील तेव्हा, त्या वाटेवरची कोणती गोदामे ओस पडणार आणि तेथील माणसांनी पुढे काय करावे, याचा आराखडा आधी मांडला जावा. माल ४८ तासांत बंदराबाहेर काढण्याची युक्ती ज्यांना साधते, त्यांना एवढे अवघड जाऊ नये.

नाशिकची द्राक्षे याच बंदरातून युरोपात जातात. बंदर बंद पडावे असे उरणमध्येही कोणी म्हणत नाही. १९८४ साली जासईच्या शेतकऱ्यांना आपला हिशेब कोणाकडे मागायचा हे नेमके ठाऊक होते. त्यांची नातवंडे आज त्याच फाट्यावर उभी आहेत. समोरून जाणाऱ्या गाडीचा चालक त्यांचा ऋणको नाही, एवढे त्यांनी ओळखले तर आजोबांनी सुरू केलेली वसुली ती पुरी करू शकतील.