तारा लावायचं वय जातं का?

चाळिशीतल्या माणसाच्या दातांवर तारा दिसल्या, की ‘आता या वयात?’ हा प्रश्न हमखास येतो. पण दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मुळाभोवती जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो. तारेचा सौम्य दाब पडला, की त्या बाजूचं हाड पेशी विरघळवतात, मागे नवं हाड भरतं आणि दात महिन्याला साधारण 1 मिलिमीटर सरकतो. ही उलाढाल म्हातारपणीही थांबत नाही. वयानुसार बदलतो तो जबडा. टाळूच्या मधला सांधा लहानपणी पक्का जुळलेला नसतो, म्हणून अरुंद टाळू स्क्रूच्या साधनाने रुंद करता येते. विशीनंतर त्याच कामाला बऱ्याचदा शस्त्रक्रिया लागते. सातव्या वर्षाच्या सुमारास एकदा तपासणी करावी ती यासाठी, लगेच तारा बसवण्यासाठी नव्हे.

मोठ्या वयात दात कायमचे खिळखिळे होतील, ही भीती हिरड्या आजारी असतील तर रास्त आहे; आधी त्यांवर उपचार हवेत. तारांऐवजी वापरायचे पारदर्शक अलाइनर चारचौघांत सोयीचे, पण ते दिवसाचे 20 ते 22 तास तोंडात हवेत. उपचार संपल्यावर दात जागेवर धरणारा रिटेनर मात्र कुणीच चुकवू नये, कारण ताणलेले तंतू दाताला जुन्या जागी ओढत राहतात.