पोव्हुआच्या कोळ्यांचं दुखणं

पोर्तुगालमधल्या पोर्तो शहराच्या उत्तरेला, अटलांटिकच्या काठावर, पोव्हुआ द व्हार्झिम नावाचं मासेमारीचं गाव आहे. तिथल्या काही कोळी घरांत एक दुखणं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं. तिशीच्या आसपास पावलांना मुंग्या यायला लागत, मग पावलं बधिर होत. पायावर कढत पाणी सांडलं तरी कळत नसे. फोड दिसला की कळे. पुढे पोटाचं तंत्र बिघडे, कधी दिवसेंदिवस बद्धकोष्ठ तर कधी न आवरणारे जुलाब. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येई. माणूस वाळत जाई आणि दहा-पंधरा वर्षांत संपे. हे दुखणं पावलांपासून सुरू होतं आणि कुठल्या घरात आहे, हे गावाला पक्कं ठाऊक होतं. वैद्यकाच्या पुस्तकात मात्र त्याची नोंद नव्हती.

१९३९ साली पोर्तोच्या सांतो आंतोनिओ रुग्णालयात अशीच एक ३७ वर्षांची बाई मारिओ कोरिनो द अँद्राद यांच्यासमोर आली. स्ट्रासबुर्ग आणि बर्लिनमध्ये मेंदूविज्ञानाचं शिक्षण घेऊन ते नुकतेच मायदेशी परतले होते. उष्ण-थंड आणि वेदना यांची जाणीव आधी जाते, स्पर्शाची बराच काळ टिकते, हे लक्षण त्यांना विचित्र वाटलं. पायाची बधिरता म्हटली की कुष्ठरोगाचा संशय आधी यावा, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. पण इथे अंगावर चट्टे नव्हते, जंतू नव्हते, आणि आजार घराण्याची वाट धरून चालत होता.

अँद्राद यांनी घाई केली नाही. त्या बाईच्या नातेवाइकांकडून, गावातल्या माणसांकडून त्यांनी घराघरांची माहिती गोळा केली. कोणाच्या आईचे पाय असेच गेले, कोणाचा मामा असाच वाळला, याची जुळणी करत ते तेरा वर्षं थांबले. सालाझारच्या हुकूमशाहीला विरोध केल्याबद्दल मधल्या काळात त्यांना तुरुंगही पाहावा लागला. १९५२ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात त्यांचा निबंध आला, त्यात ७४ रुग्ण होते. मला या सगळ्या संशोधनाचा पाया इथेच दिसतो. जनुक सापडायला अजून तीन दशकं होती, पण कुठे शोधायचं ते कोळ्यांच्या घरांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

निबंधातला निर्णायक पुरावा सूक्ष्मदर्शकाखालचा होता. मृत रुग्णांच्या चेतातंतूंमध्ये अमायलॉइड, म्हणजे प्रथिनांच्या धाग्यांचा साका, साचलेला होता. ते ओळखण्याची रीत आजही तीच आहे. ऊतीचा पातळ काप काँगो रेड या रंगात बुडवतात. हा रंग मुळात जर्मनीत कापडासाठी तयार झाला. १९२२ मध्ये बेनहोल्ड यांना तो अमायलॉइडला चिकटतो असं आढळलं. साध्या उजेडात काप फिकट लालसर दिसतो. मग ध्रुवीकरणाच्या दोन काचा एकमेकींशी काटकोनात फिरवल्या की सगळं क्षेत्र काळं होतं, आणि त्या काळोखात फक्त साचलेले पट्टे हिरवे चमकू लागतात. प्रथिनांचे बारीक धागे शिस्तीत एकावर एक रचले गेल्यामुळे हा हिरवा रंग येतो.

धागे कुठल्या प्रथिनाचे, यावर आजार ठरतो. अशी चाळीसहून अधिक प्रथिनं आज माहीत आहेत. अस्थिमज्जेतल्या पेशींचा एकच गट बेसुमार वाढून प्रतिपिंडांचे तुकडे रक्तात ओतू लागला की एक प्रकार होतो. तो झपाट्याने वाढतो आणि त्याचे उपचार कर्करोगाच्या अंगाने जातात. शरीरात वर्षानुवर्षं दाह धुमसत राहिला तर यकृत एक वेगळं प्रथिन भरमसाट तयार करतं आणि ते मूत्रपिंडात साचतं. भारतात या दुसऱ्या प्रकारामागे क्षयरोग हे मोठं कारण राहिलं आहे. लघवीतून प्रथिन जायला लागलेल्या रुग्णाला जुना क्षय झाला होता का, हे आपल्याकडे विचारलंच पाहिजे. या दोन्हींत आईबापांकडून आलेला दोष सहसा नसतो. पोव्हुआचं प्रकरण वेगळं होतं.

१९७८ मध्ये पेद्रो कोस्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की पोर्तुगीज रुग्णांत साचतं ते ट्रान्सथायरेटिन. हे प्रथिन मुख्यतः यकृतात बनतं आणि थायरॉइडचं संप्रेरक व ‘अ’ जीवनसत्त्व रक्तातून वाहून नेतं, म्हणजे अगदी कामाचं. मारिया जुआंव साराइव्हा न्यूयॉर्कला ड्युइट गुडमन यांच्या प्रयोगशाळेत गेल्या, आणि १९८४ मध्ये नेमका बिघाड छापून आला: १२७ अमिनो आम्लांच्या साखळीत तिसाव्या जागी व्हॅलिनऐवजी मेथिओनिन. त्याच सुमारास जपानी संशोधकही त्याच जागी पोहोचले. अठराव्या गुणसूत्रावरच्या जनुकात एक अक्षर बदललेलं, बस. आईकडून किंवा बापाकडून आलेली एक सदोष प्रत पुरते. मुलाकडे ती जाण्याची शक्यता निम्मी.

इथे गोष्ट संपली असती तर ती सोपी होती. पण हाच बदल उत्तर स्वीडनमध्ये शेलेफ्तेओ आणि पीतेओच्या परिसरात सापडतो, जपानात आराओ आणि ओगावा या गावांत सापडतो, मायोर्का बेटावर सापडतो, आणि पोर्तुगीज स्थलांतरितांबरोबर तो ब्राझीललाही गेला. पोर्तुगालमध्ये आजार सरासरी तेहेतिसाव्या वर्षी उमटतो, स्वीडनमध्ये पंचावन्नच्या पुढे. पन्नाशीपर्यंत पोर्तुगीज वाहकांपैकी सुमारे ८० टक्के आजारी पडतात, स्वीडिश वाहकांपैकी सुमारे ११ टक्के. स्वीडनमध्ये दोन्ही प्रती सदोष असलेली माणसंही सापडली, आणि त्यांचा आजार दुप्पट भयंकर असतो असं दिसलं नाही. पोर्तुगालमध्ये तर एकाच घरात मुलगा तिशीत पाय ओढत चालतो आणि ज्या आईकडून दोष आला ती साठीत धडधाकट असते.

या जनुकाच्या आजूबाजूच्या खुणा तपासल्या तर पोर्तुगीज आणि जपानी रुग्णांचं साम्य निघतं, स्वीडिश रुग्णांचं नाही. म्हणजे स्वीडनमध्ये हा बदल वेगळा घडला असावा. १५४३ पासून पोर्तुगीज जपानात जात होते आणि त्यांची व्यापारी जहाजं गोव्याहून मलाक्का, मकावमार्गे नागासाकीला निघत, त्यामुळे दोष त्यांच्याबरोबर गेला ही मांडणी ऐकायला पटते. मी मात्र तिला मांडणीच म्हणेन. जहाजांचा मार्ग हा रक्ताच्या नात्याचा पुरावा होत नाही.

उपचाराची वाट सापडली ती आजारातून सुटलेल्यांकडून. पोर्तोमध्ये तेरेझा कोएल्यु आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशी माणसं भेटली, ज्यांच्यात तिसाव्या जागेचा दोष होता, पण आजार नव्हता किंवा फार सौम्य होता. तपासल्यावर दिसलं, की दुसऱ्या पालकाकडून त्यांना ट्रान्सथायरेटिनचा आणखी एक बदल मिळाला होता, ११९ व्या जागी. एक बदल मारणारा, दुसरा तारणारा, आणि दोन्ही एकाच जनुकात! हे प्रथिन चार घटकांच्या जुडीने रक्तात फिरतं. जुडी सुटली की सुटा घटक आपली घडी मोडतो, आणि मोडलेल्या घड्यांचे धागे होतात. तिसाव्या जागेच्या दोषाने जुडी सैल होते. ११९ व्या जागेचा बदल ती सुटूच देत नाही. अमेरिकेत जेफ्री केली यांच्या प्रयोगशाळेने ही यंत्रणा उलगडली आणि जुडीच्या आतल्या संप्रेरकाच्या जागेत बसून तिला घट्ट धरणारा रेणू घडवला. तोच टाफामिडिस. २०११ मध्ये युरोपने तो चेतांच्या आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यासाठी मान्य केला.

त्याआधी, १९९० मध्ये, स्वीडनमध्ये यकृतरोपणाचा मार्ग निघाला होता: सदोष प्रथिन बनवणारा अवयवच बदलायचा. काढलेलं यकृत एरवी उत्तम काम करत असे, म्हणून ते दुसऱ्या मरणासन्न रुग्णाला बसवण्याची पद्धत १९९५ मध्ये पोर्तुगालमध्ये सुरू झाली. जन्मजात वाहकाला तीन दशकं लागतात, म्हणजे ते यकृत घेणाऱ्यालाही तेवढा अवकाश मिळेल, असा हिशेब होता. पण काहींना दहा वर्षांच्या आतच बधिरता आली. सदोष प्रथिन किती वर्षं रक्तात आहे एवढ्यावरच सगळं ठरत नाही; ते ज्या शरीरात फिरतं त्याचं वयही मोजावं लागतं, असा याचा अर्थ लागतो.

वयाचा हा धागा थेट हृदयाकडे जातो. जनुकात काहीही दोष नसलेल्या म्हाताऱ्या माणसांत, बहुतेक पुरुषांत, हेच प्रथिन हृदयाच्या स्नायूत साचतं. भिंती जाड होतात, धाप लागते, पाय सुजतात, आणि निदान ‘वयोमान’ असं होतं. पुष्कळदा त्याआधी काही वर्षं दोन्ही मनगटांत चेता दबून हातांना मुंग्या आलेल्या असतात. २०१८ मध्ये ४४१ हृदयरुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. अडीच वर्षांत टाफामिडिस घेणाऱ्यांपैकी २९.५ टक्के दगावले, न घेणाऱ्यांपैकी ४२.९ टक्के. त्याच वर्षी पेशीतला निरोप वाटेतच तोडून प्रथिन बनूच न देणारं पॅटिसिरान हे औषध चेतांच्या आजारासाठी मान्य झालं. धाप लागलेल्या आजोबांना मनगटांबद्दल एक प्रश्न विचारायला आता कारण आहे, कारण उत्तराचा उपयोग होतो.

२०२१ मध्ये निष्कर्ष आलेल्या एका चाचणीत सहा रुग्णांच्या शिरेत क्रिस्पर पद्धतीचं औषध एकदाच सोडण्यात आलं, यकृतपेशींतलं जनुकच बंद पाडण्यासाठी. जास्त मात्रा मिळालेल्या तिघांत २८ दिवसांत रक्तातलं ट्रान्सथायरेटिन सरासरी ८७ टक्क्यांनी उतरलं. पण डोळ्याचा पडदा आणि मेंदूतला एक पातळ ऊतिपट्टा हे प्रथिन स्वतःच बनवतात, यकृताला न विचारता. म्हणूनच यकृतरोपणानंतर पाय वाचलेल्या काही रुग्णांच्या डोळ्यांत पुढे ढगाळपणा दिसू लागतो, आणि यकृताला गाठणारी औषधं तिथवर पोहोचत नाहीत. पोर्तोच्या डॉक्टरांना आता त्यांच्या रुग्णांचे डोळे वर्षानुवर्षं तपासत राहावे लागतात.