चाळणीत राहतं ते, की खाली पडतं ते?

पीठ चाळलं की खाली पडतं ते आपल्याला हवं असतं, वर उरलेला कोंडा बाजूला काढतो. तांदूळ चाळताना उलटं. कणी खाली पडते आणि चाळणीत राहिलेला अख्खा तांदूळ आपण डब्यात भरतो. ‘एवढं चाळून ठेव’ असं म्हटलं तरी घरात घोटाळा होत नाही, कारण समोर पीठ आहे की तांदूळ हे दिसत असतं. संगणकात असं काही दिसत नाही. तिथे चाळणी वापरणाऱ्याला भरवसा फक्त माहितीपुस्तिकेचा. मंडळी, आज मी बोलणार आहे ते अशाच एका चाळणीबद्दल आणि तिची माहिती लिहून ठेवण्याबद्दल.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेली लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आपण ऐकून असाल. तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. फौजेतल्या कर्नलसाहेबांशी त्याचा संबंध नाही, इथे अर्थ फळाच्या बियांतल्या गरासारखा. मेमरीची वाटणी हे या कर्नलचं एक मोठं काम. तो मेमरीची छोटी छोटी पानं करतो. आपल्या नेहमीच्या संगणकांत एक पान चार किलोबाइटचं असतं. म्हणजे आठ गिगाबाइट मेमरीत सुमारे २१ लाख पानं झाली! मेमरी स्वयंपाकघराच्या ओट्यासारखी, जागा थोडी आणि सामान फार. रोज न लागणारं माळ्यावर, म्हणजे डिस्कवर, टाकावं लागतं.

पण रोज काय लागतं, हे कळायचं कसं? २१ लाख पानांवर सतत पाळत ठेवली तर संगणकाचा सगळा वेळ त्यातच जाईल. म्हणून २०२१ मध्ये लिनक्सच्या ५.१५ या आवृत्तीत डॅमन नावाची सोय आली. सियोंगजे पार्क या अभियंत्याने ती तयार केली. डॅमन मेमरीचे विभाग पाडतो आणि प्रत्येक विभागातलं एखादंच पान तपासून बाकीच्यांचा अंदाज बांधतो, शितावरून भाताची परीक्षा. पुढच्याच आवृत्तीत त्याला हातपाय मिळाले. ‘अमुक वेळ हात न लागलेला विभाग बाहेर काढ’ असा हुकूम देता येऊ लागला.

हुकूम सरसकट असला की त्रास होतो. एखादं पान कुठल्या फाइलमधून आलेलं आणि न बदललेलं असेल, तर ते खुशाल टाकून द्यावं, मूळ प्रत डिस्कवर आहेच. पण प्रोग्रामने स्वतः तयार केलेलं, फाइलशी नातं नसलेलं पान (याला निनावी पान म्हणतात) टाकायचं तर आधी ते कुठेतरी लिहून ठेवावं लागतं. एखाद्या महत्त्वाच्या प्रोग्रामची मेमरी तर अजिबात हलवू नये, असंही वाटतं. यासाठी २०२३ मध्ये ६.३ या आवृत्तीत फिल्टर आले, म्हणजे आपली चाळणी.

या फिल्टरला दोन गोष्टी सांगायच्या. कशाकडे पाहायचं, निनावी पानं की प्रोग्रामांचा एखादा गट? आणि जुळणी ‘होय’ की ‘नाही’, इंग्रजीतलं वाय किंवा एन हे एकच अक्षर. नियम असा होता : जे जुळेल ते वगळलं जाईल. आता ‘अमुक गट, नाही’ असं लिहिलं तर काय होईल? सहज वाचणाऱ्याला वाटेल, या गटाला हात लावू नका. खरा अर्थ नेमका उलटा. त्या गटात नसलेलं सगळं वगळलं जातं आणि हुकूम बजावला जातो तो एकट्या त्या गटावर!

ही भीती कल्पनेतली नाही. कर्नलच्या अधिकृत वापर-पुस्तिकेतल्या उदाहरणातच असं झालं होतं. ज्या गटाची आधीच नीट काळजी घेतली जात आहे, त्याला सोडून बाकीच्यांवर कारवाई करायची, असा उदाहरणाचा हेतू होता आणि अक्षर मात्र ‘एन’ पडलं होतं. वर्षभराहून अधिक काळ ते तसंच होतं. २०२४ मध्ये दुरुस्ती झाली, एका अक्षराची. कोणी ते उदाहरण जसंच्या तसं उतरवून घेतलं असेल, तर ज्याला जपायचं तोच गट माळ्यावर गेला असणार. माहिती नष्ट होत नाही, पण प्रत्येक वेळी डिस्कवरून परत आणताना काम रखडतं, आणि कारण तर कुठेच दिसत नाही.

माझं मत विचाराल, तर पुस्तिकेत सगळ्यांत जास्त काळजी उदाहरणाची घ्यावी. परिच्छेद वाचणारे थोडे, उदाहरण उतरवून घेणारे फार. मी स्वतः आधी उदाहरणच शोधतो.

कर्नलमध्ये ही माहिती तीन ठिकाणी लिहावी लागते : रचनेच्या दस्तऐवजात, वापराच्या पुस्तिकेत आणि प्रत्येक कळीची नोंद असलेल्या यादीत. २०२५ मध्ये ६.१४ आवृत्तीत फिल्टरला तिसरी कळ मिळाली, जुळलेल्याला ‘येऊ द्या’ की ‘अडवा’ हे सांगणारी. आता पीठ की तांदूळ ते स्पष्ट बोलता येतं. जुन्यांचं बिघडू नये म्हणून न सांगितल्यास ‘अडवा’च धरलं जातं. पण सोयीबरोबर लिहिण्याचं कामही वाढलं. फिल्टर ओळीने तपासले जातात आणि पहिला जुळला की पुढचे पाहिले जात नाहीत. कुठलाच जुळला नाही तर? शेवटचा ‘अडवा’ असेल तर मेमरी आत, ‘येऊ द्या’ असेल तर बाहेर.

शिवाय एक बारीक गोष्ट आहे. पत्त्यांच्या हद्दीवरून गाळणारे फिल्टर, यादीत कुठेही लिहिलेले असोत, आधी चालतात. त्यांनी गाळलेली मेमरी ‘प्रयत्न केला’ या आकड्यात धरली जात नाही. निनावी पानांच्या फिल्टरने गाळलेली मात्र धरली जाते. रचनेच्या दस्तऐवजात हे लिहिलेलं आहे. प्रयत्नाचा आकडा भलामोठा आणि प्रत्यक्षात एकही पान हललेलं नाही, असं दिसलं की तो परिच्छेद उघडावा.